शेवग्याच्या बियांची पूड टाकली तरी पाणी उकळायलाच हवं

धायरीला राहणाऱ्या माझ्या आत्याने पिण्याचं पाणी उकळणं बंद केलंय. कारण फॉरवर्ड होत आलेला एक मेसेज: ‘शेवग्याच्या बियांतलं प्रथिन ९९.९९ टक्के जंतू आणि व्हायरस मारतं. रात्री पूड टाका, सकाळी प्या, उकळायची गरज नाही. रोज बिया चावा, अँटिबायोटिक लागणार नाही. नैसर्गिक, म्हणून अपाय शून्य.’ जानेवारी २०२५मध्ये जीबीएसचे (गुलियन-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण पुण्यातल्या ज्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात सापडले, तिथे हा मेसेज फिरावा याचा संताप येतो. तेव्हा रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस, हे जुलाब लावणारे जंतू सापडले होते.

यात खरं आहे ते मान्य करते. हे प्रथिन धनभारित असतं. गढूळ पाण्यातले मातीचे कण आणि जिवाणू त्याला चिकटून तळाशी बसतात, काही जिवाणूंचं आवरणही फाटतं. पण तो आकडा? संशोधक मायकेल ली यांनी २०१०मध्ये मांडलेल्या, शेवग्याच्या बियांनी पाणी स्वच्छ करायच्या पद्धतीत जिवाणू ९० ते ९९.९९ टक्के घटतात. मेसेजवाल्याने ९० गाळले. दहा लाखांतले ९० टक्के गेले तरी एक लाख उरतात, आणि कॅम्पिलोबॅक्टरचे काहीशे जिवाणूही आजारी पाडायला पुरतात. पाण्यातून होणाऱ्या आजारांवर हा संपूर्ण उपाय नाही, हे ली यांनीच सांगितलं होतं.

सगळ्यात घातक आहे ते ‘रात्री टाका, सकाळी प्या’. पुडीतून नुसतं प्रथिन उतरत नाही, बीचा बाकीचा अंशही पाण्यात विरघळतो. उरलेले जिवाणू त्यावर पोसतात आणि ठेवलेल्या पाण्यात पुन्हा वाढतात. म्हणून तर पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२मध्ये हे प्रथिन वाळूच्या कणांवर बसवून बाकीचं धुऊन टाकायची पद्धत मांडली. आपल्या हंड्यात ते कोण धुणार?

मेसेज म्हणतो व्हायरसही मरतात, पण नोरोव्हायरसला फाटण्यासारखं मेदाचं आवरणच नसतं. पाणी खळखळून उकळलं की मात्र तोही मरतो.

अँटिबायोटिकबद्दल एवढंच: चावून खाल्लेलं प्रथिन पोटात पचतं. त्याच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेला कोर्स अर्धवट सोडू नका.

आणि ‘नैसर्गिक, म्हणून अपाय शून्य’? गुंजेतलं अ‍ॅब्रिन आणि एरंडाच्या बीतलं रायसिन ही बियांतलीच प्रथिनं आहेत आणि दोन्ही जीवघेणी विषं आहेत.

टँकरचं पाणी गढूळ आलं तर पूड खुशाल वापरा. गाळ बसला की वरचं पाणी लगेच गाळून घ्या आणि उकळा. आत्याकडे गॅसवर पातेलं पुन्हा चढेपर्यंत मी तिला रोज फोन करणार आहे.