गोव्यात यायचं तर आधी तिथी बघा

मुंबई-पुण्याची मंडळी गोव्याचा बेत विचारतात तेव्हा उत्तर त्यांनीच ठरवलेलं असतं: एक दिवस नॉर्थ, एक दिवस साउथ, उरलेला वेळ बीच. त्या दोन दिवसांत बस दहा ठिकाणी थांबते, प्रत्येक ठिकाणी अर्धा तास, त्यातला निम्मा वेळ पार्किंग आणि स्वच्छतागृहात. माझं मत स्पष्ट आहे. हातात चार दिवस असतील तर चारही दिवस एका तिसवाडी तालुक्यात आणि त्याच्या काठाकाठाने घालवा, आणि कोणत्या दिवशी कुठे जायचं ते भरती-ओहोटी बघून ठरवा. हॉटेल पणजीत एकदाच घ्या आणि बॅगा तिथेच राहू द्या.

तिसवाडी हे बेट आहे. पुलांवरून येणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. शिवाय मांडवीत चोडण, दिवाडी, जुवे अशी वेगळी बेटं. इथलं जवळजवळ सगळं पाण्याच्या चढउतारावर चालतं: होडी, शेत, मासे, पक्षी, सुसरी, अगदी फेरीबोटीचा धक्कासुद्धा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवरून अंदाज काढता येतो. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. ती पूर्ण भरतीची वेळ. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. शुक्ल असो वा वद्य, हिशेब तोच. पहाटे एकदा आणि साधारण साडेबारा तासांनी पुन्हा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हे गणित मुंबईकडे नीट बसतं. गोव्यात समुद्राच्या तोंडाशी पाणी थोडं आधी चढतं आणि नदीत आत जाल तसतसं उशिरा. म्हणून बेत पाऊणपटीने आखा, पण आदल्या रात्री मुरगाव बंदराचा भरतीचा तक्ता मोबाइलवर बघून घ्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. पहिल्यांदा येणाऱ्याला भांगाचे दिवस सोयीचे. षष्ठीला सुरू करून नवमीला संपवा. का, ते पुढे कळेल.

षष्ठीची सकाळ कुंभारजुव्याच्या कालव्यासाठी. इथे सुसरी आहेत. गोड्या पाण्यात राहणारी ही मगर जात मचूळ पाण्यात वसती करून असणं ही जरा वेगळीच गोष्ट, म्हणून अभ्यासकही इथे येतात. थंडीत ऊन घ्यायला त्या काठाच्या चिखलावर पडून राहतात. भरतीला तो चिखलच पाण्याखाली जातो, मग तुम्ही दोन तास होडीत बसून खारफुटी बघून येता आणि होडीवाल्याला दोष देता. षष्ठीला ओहोटी साडेदहा-अकराच्या सुमारास येते, म्हणून साडेनऊला पाण्यात असा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. होडी आदल्या दिवशी ठरवा, इंजिन सावकाश चालवायला सांगा, हात पाण्यात घालू नका. आणि ‘जवळून फोटो’ मिळावा म्हणून सुसरीला हुसकावणाऱ्या होडीत पुन्हा बसू नका. पलीकडच्या अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, पौष अमावास्येला शेतकरी मातीची सुसर करून तिची पूजा करतात, त्याला मानगे थापणी म्हणतात. सुसर इथे परकी नाही.

त्याच दिवशी दुपारी पुलावरून जुव्याला जा. मराठी माणसाने हे बेट बघायलाच हवं, तरी बसवाले तिथे नेत नाहीत. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री संभाजी महाराजांच्या लोकांनी जुव्याचा किल्ला घेतला. तो परत घ्यायला व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर स्वतः निघाला आणि मार खाऊन, जखमी होऊन कसाबसा परतला. पुढे त्याने आपला राजदंड जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी ठेवला. किल्ल्याचं आज फार काही शिल्लक नाही, भव्य तटबंदीच्या अपेक्षेने जाऊ नका. वरून दिसणारं पाणी आणि शेतं मात्र बघा, म्हणजे लढाई का अशी झाली ते डोळ्यांसमोर येतं. जुव्याची सात शिरांची भेंडी बाजारात दिसली तर घ्या, तिला भौगोलिक मानांकन आहे. येताना माशेलला देवकीकृष्णाचं दर्शन. हा देव मूळचा चोडणचा. पोर्तुगीज काळात बाहेर काढावा लागला.

सप्तमीला जुने गोवे, दिवाडी आणि नार्वे हे तिन्ही एका ओळीत. सकाळी आठच्या आत जुन्या गोव्यात पोचा, नऊनंतर बसगाड्या येतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. रविवार टाळा, सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चची प्रार्थना असते. शुक्रवारी पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय बंद असतं. बॉम जेझू चर्चचं काम १५९४ मध्ये सुरू झालं आणि १६०५ मध्ये अभिषेक झाला. बाहेरचा लाल चिरा उघडा दिसतो ती मूळची शोभा नव्हे. गेल्या शतकात गिलावा काढून टाकला, आणि तेव्हापासून पावसाचं पाणी चिऱ्यात मुरतं. पावसाळ्यात भिंतींवर शेवाळ दिसेल ते त्यामुळे. से कॅथेड्रलला एकच मनोरा का, असं पोरं विचारतात: दुसरा १७७६ मध्ये पडला. पण वेळ द्यायचा तर सांत आगुस्तीन चर्चच्या अवशेषांना द्या. ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा उभा तुकडा तेवढा उरलाय, आणि त्याची घंटा आज पणजीच्या चर्चवर आहे. बसवाले इथे थांबत नाहीत, कारण चढण आहे. ३ डिसेंबरचं झेवियरचं फेस्त, म्हणजे सण, आणि त्याआधीच्या नोव्हेनाच्या प्रार्थनांचे नऊ दिवस मात्र गाडी घेऊन जाऊ नका.

तिथून फेरीबोटीने दिवाडी. साध्या फेरीत पायी माणसाला पैसे पडत नाहीत, गाडीला थोडे पडतात. रायबंदरहूनही फेरी आहे, पण तिथून चोडणलाही सुटते, तेव्हा बोर्ड वाचून चढा. दुचाकी चढवताना दोन्ही पाय खाली, मागची सवारी उतरलेली. पलीकडे पोचेपर्यंत इंजिन बंद. खरी अडचण ओहोटीला होते: उतार तीव्र होतो, खालचा भाग शेवाळाने निसरडा असतो आणि बसक्या गाडीचा बंपर फळीवर घासतो. सप्तमीला पाणी साडेअकराच्या आसपास तळाला जातं. स्वतःची कार असेल तर साडेनवाच्या आत पलीकडे जा आणि तीननंतर परता. त्यापेक्षा कार अलीकडे ठेवून स्कूटर किंवा सायकल न्या. बेट लहान आहे. पेट्रोल अलीकडेच भरून घ्या, जेवायचं असेल तर सकाळीच सांगून ठेवा. ऐन दुपारी ‘काय आहे?’ म्हणून विचाराल तर बहुतेक काही नसतं.

दिवाडीवर पिएदादचं चर्च टेकडीवर आहे, वरून मांडवीचे फाटे दिसतात. पण माझ्या मते दिवाडीची खरी गोष्ट सप्तकोटीश्वराची. गोव्याच्या कदंब राजांचं हे दैवत, त्यांच्या नाण्यांवर त्याचं नाव होतं. मूळ देऊळ दिवाडीवर. पोर्तुगीजांनी १५४० च्या सुमारास ते पाडलं आणि लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेलं गेलं. तिथे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देऊळ नव्याने बांधवलं, दारावर शिलालेख आहे. २०२३ मध्ये जीर्णोद्धारानंतर ते पुन्हा खुलं झालं. बहुतेक लोक डिचोलीकडून गाडीने थेट नार्व्याला जातात. तसं करू नका. आधी दिवाडीवर कोटीतीर्थाची जुनी तळी बघा, मग तिथल्या धक्क्यावरून नार्व्याची फेरी पकडा. देव ज्या पाण्यावरून गेला ते पाणी तुम्हीही ओलांडता, आणि फेरीला काही मिनिटं लागतात.

वाटेत दोन्हीकडे खाजन शेती लागेल. नदीकाठी मातीचा बांध, बांधात मानस, म्हणजे पाण्याचं दार. मानशीच्या लाकडी झडपा भरतीच्या दाबाने आपोआप बंद होतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. वीज नाही, मोटर नाही. ओहोटीला बाहेर जाणाऱ्या पाण्यासोबत मासे, सुंगटं (कोळंबी) येतात; ती धरायचा हक्क लिलावात जातो. पावसाळ्यात आत खारं पाणी सोसणारं कोर्गुट भात. बिघाड कुठे होतो? खेकडे आणि उंदीर बांध पोखरतात, झडप कुजते, आणि वेळेवर दुरुस्ती झाली नाही तर एका उधाणात भगदाड पडतं. मग खारं पाणी शेतात राहतं आणि काही वर्षांत तिथे खारफुटी उगवते. पूर्वी हे काम गावकारी, म्हणजे गावाची सामाईक संस्था, बघायची, आता सगळे सरकारकडे बोट दाखवतात. तुम्ही एवढंच करा: बांधावर दुचाकी घालू नका, माती बसते, झडपेला हात लावू नका, रीलसाठी मानशीवर उभे राहू नका, खालचा प्रवाह दिसतो त्याहून जोरात असतो. सावली अजिबात नाही, टोपी आणि पाणी हवं.

ऑगस्टमधला चौथा शनिवार मिळत असेल तर दिवाडीचं बोंदेरां बघा. वाड्यावाड्यांचे बावटे, फोटाशीतून, म्हणजे बांबूच्या खेळण्यातल्या बंदुकीतून, लुटुपुटूची लढाई. त्या दिवशी फेरीला मोठी रांग असते, गाडी नेण्याचा विचारही नको.

अष्टमीचा दिवस दक्षिण काठाला. इथे एक गफलत नेहमी होते: गोवा वेल्हा आणि जुने गोवे ही दोन वेगळी गावं आहेत, तालुक्याच्या दोन टोकांना. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘ओल्ड गोवा’ म्हणाल तर तो झेवियरपाशी सोडेल. गोवा वेल्हा म्हणजे कदंबांची राजधानी गोपकपट्टण. जुवारीकाठचं बंदर गाळाने भरलं आणि व्यापार मांडवीकाठी सरकला, तेव्हा कुठे आजचं जुनं गोवं मोठं झालं. जवळच पिलारच्या टेकडीवरचं संग्रहालय बघा, त्या काळाचे दगड तिथे आहेत. तळावलीचं सांत आनाचं चर्च माझ्या लेखी गोव्यातलं सगळ्यात देखणं, आणि बहुतेक वेळा रिकामं. जुलैअखेर तिथे तवशांचं फेस्त असतं, लोक काकड्या वाहतात. पाणी उतरलेलं असताना, म्हणजे अकरा ते एकच्या मधे, शिरदोणच्या किनाऱ्यावर जा; खडक आणि शिंपले तेव्हाच दिसतात. पोहायची ही जागा नव्हे. मिरामारलाही नदीच्या तोंडाची ओढ आहे, जीवरक्षक शिट्टी मारतो ती उगीच नाही. संध्याकाळी पणजी. महालक्ष्मीचं देऊळ, चर्चची पायरी, मळ्याचा मारुती, फोंतेन्यशची जुनी वस्ती. फोंतेन्यशात घरं आहेत, सेट नाहीत. कुणाच्या दारात, खिडकीत टेकून फोटो काढू नका. बाकी पणजीबद्दल तुम्हाला सगळं माहीत असतंच.

नवमीला चोडण. सालिम अली पक्षी अभयारण्य १७८ हेक्टरचं, १९८८ सालचं, रायबंदरच्या फेरीतून उतरलात की समोरच. २०२५ पासून या मार्गावर रो-रोही आहे. अडचण अशी की होडीला खाड्यांत शिरायला पाणी हवं, आणि तुतवारांसारखे चिखलातले पक्षी पाणी उतरल्याशिवाय दिसत नाहीत. ऐन भरतीला गेलात तर होडी फिरते पण पक्षी झाडांत. ऐन ओहोटीला गेलात तर पक्षी दिसतात पण होडी रुतते. मधली वेळ पकडा: भरतीनंतर तास-दीड तासाने. नवमीला भरती पावणेसातला, म्हणून आठला होडीत. पाणी उतरत जातं, चिखल उघडा पडत जातो, बगळे खाली येतात. खंड्या, पाणकावळे, ब्राह्मणी घार सहज दिसतात. होडी मिळाली नाही तर पायवाटही वाईट नाही. खारफुटीची श्वासमुळं आणि त्यांच्यामधून उड्या मारणारे चिखलातले मासे तिथूनच नीट दिसतात. भडक कपडे नकोत, डास आहेत, दुर्बीण स्वतःची न्या. कॅमेऱ्याचं शुल्क वन खातं वेगळं घेतं.

भाड्याची दुचाकी घेताना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं बघा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त मिळते, आणि पोलिसांनी अडवली की दंड तुम्ही भरता. जेवणात शिवराक, म्हणजे शाकाहारी, हवं असेल तर सकाळीच सांगा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. त्या काळात ताज्या सुरमईचा आग्रह धरू नका, नदीतला शेवटो किंवा चणक विचारा, नाहीतर सुक्या बांगड्याची किसमूर, म्हणजे कोशिंबीर.

शाळांच्या सुट्टीमुळे मेमध्येच यावं लागत असेल तर चोडणची होडी वगळा, स्थलांतरित पक्षी तोवर निघून गेलेले असतात. ती सकाळ पणजीच्या मार्केटला द्या आणि मानकुराद आंबे घ्या. हंगामाच्या सुरुवातीला डझनाचा भाव ऐकून घाबरायला होतं. मेच्या मध्यानंतर तो उतरतो, आणि देठाजवळ हुंगून घेतलात तर फसवणूक होत नाही.