तडा बुजवण्याआधीचा प्रश्न : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अणुवीज केंद्रांतल्या यंत्रभागांना धातूच्या थकव्यामुळे पडणारे तडे कसे दुरुस्त करतात, यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही कडक शब्दांत लिहिलंत. मुद्दे गंभीर आहेत, म्हणून उत्तर सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : वेल्डिंगने तडा भरणं ही मलमपट्टी आहे आणि ती पैसे वाचवण्यासाठी होते, तडा दिसत असताना आकडेमोड करून तो तसाच ठेवणं तर त्याहून घातक, अणुकेंद्रात तडा दिसला की भाग बदलायचा, एवढा एकच नियम हवा. शेवटी तुम्ही विचारलंत की बारीक पाइपांच्या सॉकेट वेल्डबद्दल (पाइपचं टोक खोबणीत बसवून बाहेरून कडेने वेल्ड केलेल्या जोडांबद्दल) मी अवाक्षर का काढलं नाही.

तुमच्या काळजीशी मी सहमत आहे, नियमाशी नाही. भाग बदलला तरी त्याच्यावर येणारा भार तोच राहतो, आणि थकव्याचा तडा हे त्या भाराचंच काम असतं. एकदाच बसलेल्या मोठ्या हिसक्याने तो पडत नाही. धातू एरवी सहज पेलेल असा ताण हजारो, लाखो वेळा चढत-उतरत राहतो आणि प्रत्येक फेरीत तडा किंचित पुढे सरकतो. म्हणून तडा सापडल्यावर पहिला प्रश्न हाच, की या फेऱ्या येतात कुठून? याचं उत्तर हाती नसेल, तर वेल्डिंग करा नाहीतर कोरा भाग बसवा, घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं, इतकंच.

फ्रान्समधल्या सिव्होच्या 1 क्रमांकाच्या रिॲक्टरचं उदाहरण घ्या. डिसेंबर 1997 मध्ये तो ग्रिडला जोडला गेला आणि मे 1998 मध्ये बंद रिॲक्टरची उष्णता काढून नेणाऱ्या पाइपला आरपार तडा गेला. ताशी सुमारे 30 घनमीटर पाणी गळत होतं. पाइप जुना नव्हता, जवळपास नवाकोरा होता. एका जोडापाशी गरम आणि गार पाणी एकत्र येत होतं, त्यांची सरमिसळ नीट होत नव्हती, आणि पाइपच्या आतल्या पृष्ठभागावर कधी गरम तर कधी गार झोत आपटत होता. भिंतीच्या आतल्या थराला क्षणाक्षणाला ताणणारं-दाबणारं हे तापमान पाच महिन्यांच्या आत पोलाद फोडून गेलं. अशा ठिकाणी त्याच नमुन्याचा दुसरा पाइप बसवला असता तर काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको. म्हणून पाइप बदलण्याबरोबर वेल्डचे पृष्ठभाग घासून गुळगुळीत केले गेले आणि मोठ्या तापमानफरकावर ही यंत्रणा किती तास चालवायची यावर मर्यादा घातली गेली. माझ्या मते खरी दुरुस्ती ती मर्यादा होती.

उलट बाजूचं, म्हणजे कारणाआधी भागाकडे बघितल्याचं, उदाहरण अमेरिकेतल्या क्वाड सिटीज केंद्राचं. तिथल्या 2 क्रमांकाच्या रिॲक्टरची क्षमता 2002 मध्ये वाढवली आणि काही महिन्यांतच वाफेतलं पाणी वेगळं करणाऱ्या स्टीम ड्रायरचे पत्रे फाटले. दुरुस्ती केली, 2003 मध्ये पुन्हा फाटले. पुढे 2005 मध्ये जास्त मजबूत बनावटीचा अख्खा नवा ड्रायर बसवला. पण वाफेचा वेग वाढल्यामुळे मुख्य वाफ-पाइपांवरच्या रिलीफ व्हॉल्व्हच्या उभ्या नळ्यांच्या तोंडाशी घुमणारा आवाज तयार होत होता, आणि त्या दाबलहरी ड्रायरला अखंड हलवत होत्या. त्या नळ्यांना ध्वनिलहरी शमवणारे जोड लावल्यावर मूळ कारणाला हात लागला. ड्रायर दाब धरून ठेवणारा भाग नाही हे खरं, पण त्याचा तुटलेला तुकडा वाफेबरोबर वाहत पुढे जाऊ शकतो, म्हणून प्रकरण हलकं नव्हतं.

आता वेल्डिंगकडे येतो. ‘तड्यावर वेल्ड चढवतात’ असं तुम्ही लिहिलंत. चांगल्या कामात तसं होत नाही. आधी तडा ग्राइंडिंगने पूर्ण काढून टाकतात. मग डाय पेनिट्रंट, म्हणजे बारीक फटीत शिरून ती दाखवणारा रंगीत द्रव, लावून, कुठे टोक शिल्लक राहिलंय का ते बघतात. राहिलं असेल तर आणखी घासतात. उरलेली जाडी हिशोबात बसत असेल, तर खड्ड्याच्या कडा उतरत्या करून तसंच सोडतात, वेल्डिंग करतच नाहीत. मला ही सर्वांत प्रामाणिक दुरुस्ती वाटते, कारण तीत नवा ताण भरला जात नाही. सत्तरच्या दशकात उकळत्या पाण्याच्या रिॲक्टरांच्या फीडवॉटर नॉझलना (भांड्यात पाणी जिथून आत येतं त्या तोंडांना) असे तडे सापडले होते. तिथे तडे घासून काढले आणि सोबत आतल्या थर्मल स्लीव्हची, म्हणजे उष्णतेपासून आडोसा देणाऱ्या नळीची, रचना बदलली, म्हणजे गार पाणी गरम नॉझलच्या भिंतीला लागू नये.

जाडी पुरत नसेल तेव्हाच वेल्डिंग. रिॲक्टरच्या भांड्याचं कमी मिश्रधातूचं पोलाद वेल्डिंगनंतर साधारण 600 अंश सेल्सियसला तापवून त्यातला अडकलेला ताण आणि कडकपणा कमी करावा लागतो. बसवलेल्या भांड्यावर ते करणं फार अवघड, आकार बिघडण्याचा धोका मोठा. म्हणून टेम्पर बीड नावाची पद्धत वापरतात : वेल्डचे थर अशा हिशोबाने देतात की वरच्या थराची उष्णता खालच्या थराने कडक केलेला धातू मऊ करते. उष्णता किती द्यायची, पुढचा थर आधीच्यावर किती चढवायचा, हे आधी नमुन्याच्या ठोकळ्यावर सिद्ध करावं लागतं. पाइपच्या बाबतीत वेल्ड ओव्हरले हा वेगळा मार्ग आहे. बाहेरून पाइपभोवती वेल्डचा जाड पट्टा चढवतात. पूर्ण ताकदीचा पट्टा असेल तर त्याची जाडी ठरवताना असं धरतात, की आतला तडा पूर्ण घेरात आरपार गेलेला आहे आणि सगळा भार पट्ट्यालाच घ्यायचा आहे. याला मलमपट्टी म्हणणं मला मान्य नाही.

तुमचा एक मुद्दा मात्र मी तुमच्यापेक्षाही जोरात मांडीन : वेल्ड आकसताना जागेवर जो ताण अडकून राहतो, तो पुढे त्रास देतो. 2023 मध्ये फ्रान्सच्या पॉन्ली 1 रिॲक्टरमध्ये 27 मिलिमीटर जाडीच्या पाइपमध्ये 23 मिलिमीटर खोल तडा सापडला. तो थकव्याचा नव्हता, ताण आणि गंज यांच्या संयुक्त परिणामाचा होता. पण तो ज्या वेल्डपाशी होता ते बांधणीच्या काळातच दोनदा दुरुस्त केलेलं होतं. म्हणून दुरुस्तीची नोंद म्हणजे फाइलमधला कागद समजू नये. पुढच्या तपासणीत आधी कुठे बघायचं ते तीच सांगते. आणि जिथे न्यूट्रॉनांचा मारा वर्षानुवर्षं झालेला आहे, तिथे वेल्डिंगला हात आखडता घ्यावाच लागतो. तशा पोलादात हीलियम साठलेला असतो, वेल्डिंगच्या उष्णतेने तो कणांच्या सीमांवर बुडबुडे धरतो आणि भरलेल्या तड्याशेजारी नवे तडे उघडतो.

तडा तसाच ठेवण्याबद्दल. अमेरिकेच्या नियमांत प्राथमिक परिपथाच्या (रिॲक्टरमधलं पाणी ज्यातून फिरतं त्या भांड्या-पाइपांच्या) धातूतून होणाऱ्या गळतीला अजिबात मुभा नाही. रिॲक्टर बंदच करावा लागतो. आरपार न गेलेल्या तड्याचं मात्र मोजमाप करून, पुढच्या काळात तो किती वाढेल हे काढून, सुरक्षेचा गुणक ठेवून तो भाग वापरता येतो, आणि मग लागोपाठच्या तपासणी-काळांत तीच जागा पुन्हा पुन्हा बघावी लागते. मला ही पद्धत मान्य आहे, पण एका अटीवर : भार खरोखर माहीत असला पाहिजे. रिॲक्टर किती वेळा तापला आणि निवला हे मोजता येतं. गळक्या व्हॉल्व्हमधून गार पाणी झिरपून पाइपच्या तळाशी थर धरतं तेव्हा फेऱ्या कोणी मोजत नसतं. अमेरिकेतल्या फार्ली 2 मध्ये 1987 साली नेमकं हेच झालं. असा संशय असेल तिथे तड्याच्या वाढीचं गणित कितीही सुबक असलं तरी मी त्यावर विसंबणार नाही, तडा काढायलाच सांगेन.

बदलण्याच्या आग्रहाला आणखी एक अडचण आहे. रिॲक्टरच्या गरम पाण्यावर वाफ बनवणाऱ्या स्टीम जनरेटरमध्ये हजारो नळ्या असतात. एकीला तडा गेला की ती बदलत नाहीत, तिला दोन्ही टोकांना बुच मारतात. पण कंप थांबला नसेल तर बुच मारलेली नळीही हलत राहते. थ्री माइल आयलंड 1 मध्ये 2001 साली अशी एक नळी तुटून शेजारच्या नळ्यांना घासलेली सापडली. म्हणून जिथे हा धोका असतो तिथे नळीत आधी तिला हलू न देणारा स्थिरक घालतात, मग बुच.

सॉकेट वेल्डबद्दल तुमचा प्रश्न रास्त आहे. कंपामुळे होणाऱ्या गळत्यांत लहान व्यासाच्या पाइपांचे हे जोड वारंवार दिसतात. तडा बहुधा वेल्डच्या मुळाशी किंवा कडेला सुरू होतो, आणि मुळाशी सुरू झाला तर बाहेर पाणी दिसेपर्यंत कळत नाही. जोडाची रचनाच अशी की अल्ट्रासोनिक तपासणी नीट होत नाही. वेल्डची पाइपवर पसरलेली बाजू (तिला वेल्डचा पाय म्हणतात) दुप्पट लांब ठेवली तर आयुष्य चांगलं वाढतं. त्याआधी पंप चालू असताना त्या पाइपचा कंप मोजावा, आणि टोकाला लटकणाऱ्या व्हॉल्व्हचं वजन त्याच यंत्राच्या चौकटीला आधार देऊन बांधावं. आधार भिंतीला दिला तर पंप एकीकडे हलतो, भिंत जागेवर राहते, आणि जोड पुन्हा मधल्यामध्ये सापडतो.