आत्याचा डबा, तुमचे वडील आणि माझा चारशेचा पोळपाट

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया शुक्रवारी रात्री वाचली. खरं सांगतो, आधी राग आला आणि तो शनिवारी दुपारपर्यंत टिकला. मग हिशेबाची वही काढली आणि राग हळूहळू उतरला, कारण वही तुमच्या बाजूने बोलत होती. निदान अर्धी तरी.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी नोकरी सांभाळून हौसेने लाकूडकाम करतो. हाताने केलेली लाकडी वस्तू भेट द्या, गिऱ्हाईक आपोआप येईल, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर गोव्यातल्याच पेडण्याचे हे वाचक म्हणतात: भेट दिल्याने कलेची किंमत जाते. ज्याचा पगार एक तारखेला खात्यात पडतो त्याचं वाटायला काय जातं? असा माणूस चारशेला पोळपाट देतो आणि मग लोक माझ्या वडिलांना, जे चाळीस वर्षं सुतारकाम करताहेत, विचारतात की तुमचा आठशे कसा? नातेवाईक फुकट घेतात आणि पुन्हा फुकटच मागतात. आणि मायेने दिलेल्या वस्तूखाली फोन नंबर कोरायचा, ही भेट की जाहिरात?

चारशेचं आधी. तिथे मी चुकलो, आणि चूक निव्वळ आकडेमोडीची नव्हती. मी लाकूड धरलं दीडशे, तेल-सँडपेपर पन्नास, आणि उरलेले दोनशे म्हणजे नफा असं समजून खूश होतो. दहा इंची पोळपाट गोल करून, पाय बसवून, ८० नंबरच्या पेपरपासून ४०० पर्यंत घासायला माझा अर्धा दिवस जातो. आमच्या फोंड्यात सुतार रोजाला हजाराच्या वर घेतो. म्हणजे मी प्रत्येक पोळपाटाबरोबर तीनेकशे रुपये स्वतःच्या पगारातून घालत होतो आणि त्याला ‘धंदा’ म्हणत होतो. लाकूड घरचं, पावसात पडलेल्या फणसाचं, हे खरं. पण घरच्या लाकडालाही सॉ मिलची कापणावळ लागते, आणि फळ्या मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचून ठेवाव्या लागतात, इंचाला वर्ष या हिशेबाने. दीड-दोन वर्षं अडलेली जागा कोणी बिलात धरत नाही. गेल्या चवथीपासून, म्हणजे गणेशचतुर्थीपासून, पोळपाट साडेआठशे आहे. गिऱ्हाइकं थोडी कमी झाली, फार नाही.

आता वही. पहिल्या भेटीपासून आजवर मी २६ वस्तू दिल्या. त्यातल्या १७ मधून एक रुपयाही आलेला नाही. उरलेल्या ९ मधून कामं आली, पण भेट ज्यांना मिळाली त्यांच्यापैकी स्वतःच्या घरासाठी पुन्हा विकत घेणारा एकच निघाला. तो माझा मेहुणा, आणि त्याचे दोनशे अजून बाकी आहेत. बाकी ज्यांनी ज्यांनी पैसे मोजले त्यांना ती वस्तू तिसऱ्याच कोणाला द्यायची होती. भाचीचं लग्न, शेजाऱ्यांची वास्तुशांत, निवृत्त होणारे साहेब.

मागच्या लेखात मी हे धरलंच नव्हतं. भेट घेणारा उपकाराची फेड म्हणून गिऱ्हाईक होतो असं मला वाटत होतं. तसं काही नसतं. स्वतःच्या स्वयंपाकघरासाठी माणूस साडेआठशेचा पोळपाट घेत नाही, म्हापशाच्या बाजारात स्वस्तातला मिळतो आणि पोळी दोन्हींवर गोलच लाटली जाते. पण आहेर करायचा म्हटलं की तोच माणूस दीड हजाराला मागेपुढे पाहत नाही. तिथे तो वस्तूचे नाही, स्वतःची आठवण राहण्याचे पैसे देतो.

गोंयकाराला हे कळायला उशीर लागू नये, पण मला लागला. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला मुलीच्या माहेरून सासरी ओझं जातं. नेवऱ्या, लाडू, नारळ, फळं. ते सासरच्या घरात थोडंच राहतं? शेजारीपाजारी वाटलं जातं, आणि वाटताना कुठून काय आलं, किती आलं, हे वाड्यावर सगळ्यांना कळतं. कुंकळ्ळीचे चितारी लाखेच्या रंगात पाट, पाळणे, खेळणी करतात. त्यांच्या मालाचं मोठं गिऱ्हाईक लग्नकार्याचंच. पैसे एकजण देतो, वस्तू दुसऱ्याच्या घरी जाते, आणि तिसरा ती पाहून पुढच्या वर्षीचं ठरवतो. आपल्या कारागिरांचा बाजार पूर्वीपासून असाच चालत आलाय. तेव्हा ‘भेट दिल्याने कलेची किंमत जाते’ हे तुमचं वाक्य मी अर्धंच मान्य करतो. किंमत जाते ती न सांगितल्याने.

त्याची एक गोष्ट सांगतो. माशेलच्या माझ्या आत्याला मी फणसाचा मसाल्याचा डबा दिला, खाचेत सरकणाऱ्या झाकणाचा. केला एप्रिलमध्ये. झाकण खाचेत असं घट्ट बसवलं होतं की कागद जाणार नाही, आणि त्याचा मला कोण अभिमान! श्रावणात आत्याचा फोन: “अरे, तुझ्या डब्यातलं तिखट देवाच्या नजरेला पडत असेल तर पडत असेल, माझ्या हाताला काही लागत नाही.”

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत फुगतं. फळी ओंडक्याच्या कडेकडेने काढलेली असेल तर मधोमध काढलेल्या फळीच्या साधारण दुप्पट फुगते. हे मला पुस्तकी माहीत होतं. एप्रिलच्या कोरड्या दिवसांत मी नेमकी कडेची फळी घेतली, अठरा सेंटीमीटर रुंद, आणि आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो एवढं मात्र विसरलो. झाकण दोनेक मिलिमीटरने फुगून बसलं होतं. आत्याने सुरीने उचकटायचा प्रयत्न केलेला, कडेला तिची खूण अजून आहे.

रविवारी लहान रंधा घेऊन गेलो आणि तिच्या सोप्यावर बसून झाकणाच्या दोन्ही कडा उतरवल्या. फणसाचे पिवळेधमक काप खाली पडत होते. शेजारच्या बाई पूजेची फुलं द्यायला आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. झाकण सरकवून पाहिलं, पुन्हा सरकवलं. मग विचारलं, “फुगलं तर असाच येतोस?” मी म्हटलं, येतो. “मग माझ्या लेकीच्या सासरी द्यायला एक कर. किती घेशील?”

आत्या ऐकत होती. माझी जीभ अडखळली, पण म्हटलं चौदाशे. बाई हो म्हणाल्या. आत्याने मात्र डबा हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला: “म्हणजे हा माझा चौदाशेचा?” त्या दिवसापर्यंत तो चुलीशेजारी खालच्या फळीवर असायचा. पुढच्या वेळी गेलो तर समोर, पाहुण्यांना दिसेल असा. त्या एका डब्यातून आजवर पाच कामं आली. चांगला झाला म्हणून नव्हे, बिघडला म्हणून.

नातेवाइकांबद्दल तुमचं म्हणणं सोळा आणे खरं आहे, आणि त्यावर मला रामबाण सापडलेला नाही. आता मी एवढंच करतो की पहिली वस्तू स्वतःहून देतो, कोणी मागितली म्हणून देत नाही. मागितली की दर सांगतो. एका चुलतभावाने वर्षभर अबोला धरला. मग बारशाला पाळण्याची चौकशी करायला त्याचाच फोन आला, तोही भाव पाडून मागायला. म्हणजे अबोला तरी सुटला.

फोन नंबरचं तुमचं वाक्य मात्र लागलं. मी खरंच कोरत होतो, तापवलेल्या तारेने, पोळपाटाच्या पाठीवर. बायकोनेही तेव्हा नाक मुरडलं होतं आणि मी ऐकलं नाही. आता फक्त लाकडाचं नाव आणि साल असतं. फणस, २०२३. शिवण, २०२४. लोक उलटं करून वाचतात आणि घरच्यांना विचारतात, कोणी केलं? घरच्यांच्या तोंडून माझं नाव जातं. नंबर होता तेव्हा कोणी विचारतच नव्हतं, आणि नंबर वाचून आलेला फोन त्या सगळ्या काळात एकही नाही.

राहता राहिला तुमच्या वडिलांचा प्रश्न. माझ्यासारख्या हौशी माणसाने त्यांच्या पोटावर पाय देऊ नये हे मान्य. दरवाजे, देव्हारे, आदोळीचे (विळीचे) पाट ही कामं मी घेत नाही, आमच्या बाजारातल्या एका मेस्ताकडे, म्हणजे सुताराकडे, पाठवतो. कमिशन घेत नाही. पण त्या मेस्तांनाही मी तेच सांगतो जे तुम्हाला सांगेन: वर्षाला दोन वस्तू अशा घरात द्या जिथे माणसांची ये-जा आहे, आणि दर मोठ्याने सांगा.

आता माझं एक काम. वडिलांना एक विचाराल का? फणसाच्या रुंद पाटाखाली आडव्या पट्ट्या लावताना मी पट्टीतली स्क्रूची भोकं लांबट ठेवतो, म्हणजे फळीला फुगायला जागा राहते. आमच्या घरी आजोबांच्या वेळचा एक पाट आहे, त्याला ना स्क्रू ना खिळा. पट्टी खाचेत सरकवून बसवलीय आणि पन्नासेक पावसाळे खाऊन तो अजून सपाट आहे. ती खाच एका टोकाला निमुळती असते असं बोटाला जाणवतं, पण किती ते कळत नाही. मी दोनदा केली, दोन्ही वेळा पट्टी अर्ध्यात अडकली. दोन चौरंगांचं काम त्यामुळे थांबलंय. ते स्वतः करणार असतील तर गिऱ्हाइकाचा पत्ता देतो, दर त्यांचा.