पुन्हा इन्स्टॉल करा म्हणे!

आज सकाळपासून सातव्यांदा बंद पडला हा ईमेल प्रोग्राम. सातव्यांदा! अर्धं पत्र लिहून झालं होतं, तेवढ्यात खिडकी पांढरी पडली आणि सगळं गायब. ड्राफ्टमध्ये पाहिलं तर पहिल्या दोन ओळी. वर ती चौकट: 'प्रोग्राम अनपेक्षितपणे बंद झाला.' अरे, पण का? कुठल्या फोल्डरमुळे, कुठल्या फाइलमुळे? एक अक्षर नाही!

ज्याला विचारावं तो एकच सांगतो, काढून टाक आणि पुन्हा इन्स्टॉल कर. केलं. दोनदा केलं. ढिम्म फरक पडला नाही आणि पडणारही नव्हता. प्रोग्राम एकीकडे असतो. आपले मेल, अकाउंट, सेटिंग्ज हे सगळं प्रोफाइलच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतं. प्रोग्राम काढला तरी ते सहसा जागचं हलत नाही. मग नवा कोरा प्रोग्राम त्याच बिघडलेल्या फाइली उघडतो आणि पुन्हा आपटतो. हे बनवणाऱ्यांना माहीत नाही का? मग माणसाचा अख्खा दिवस का खाता?

सगळी ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडलेल्या जादा सोयी, बंद करून सेफ मोडमध्ये चालवला, तरी तेच. मग लक्षात आलं, बाकीचे फोल्डर उघडतात, इनबॉक्सला हात लावला की मरतो. अख्खा इनबॉक्स एका फाइलमध्ये, वर्षानुवर्षं फुगत गेलेला. डिलीट केलेले मेलसुद्धा तिच्यातच पडून! त्यांच्यावर नुसती खूण होते, फोल्डर कॉम्पॅक्ट करेपर्यंत, म्हणजे खूण केलेले मेल खरोखर काढून फाइल आवळेपर्यंत, जागा सुटत नाही. हे मला कोणी कधी सांगितलं होतं?

आणि माझं अकाउंट पॉप३ वर, म्हणजे मेल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या पद्धतीवर. माझ्या सेटिंगप्रमाणे ते उतरवून घेतले की सर्व्हरवरून पुसले जातात, दुसरी प्रत कुठेच नाही. आयमॅप ही दुसरी पद्धत असती तर सर्व्हरवर तरी राहिले असते. वडिलांनी शेवटच्या वर्षात पाठवलेली पत्रं त्या इनबॉक्समध्ये आहेत. प्रोग्राम सातव्यांदा आपटला तेव्हा माझे हात कापत होते, ते उगाच नाही.

आधी अख्खं प्रोफाइल बाहेरच्या डिस्कवर कॉपी केलं. मग प्रोग्राम बंद ठेवून इनबॉक्सची इंडेक्स फाइल तेवढी काढून टाकली. तिच्यात मूळ मेल नसतात, नुसती यादी असते, आणि नसली तर प्रोग्राम ती नव्याने बनवतो. बनवली! इनबॉक्स उघडला. पत्रं आहेत.

म्हणजे यादी खराब झाली होती, फक्त यादी! ती तपासायची, खराब निघाली तर टाकून नवी करायची, हे काम प्रोग्रामला स्वतःहून करता येत नाही? निदान 'इनबॉक्सची यादी बिघडली आहे' एवढं एक वाक्य त्या चौकटीत लिहिता येत नाही? ज्याला हे फोल्डर शोधता येत नाहीत त्याने काय करायचं? त्याला कोणीतरी सगळं पुसून नव्याने सुरू कर म्हणून सांगणार, तो बिचारा पुसणार, आणि त्याची पत्रं कायमची जाणार. याचाच संताप येतो मला.