गोळी घेऊन कामावर येणं थांबवायचं असेल तर

घरी बाळ सांभाळायला ठेवलेल्या ताईंच्या सुट्ट्यांवरच्या लेखात ‘आजारपणाचे दिवस वार्षिक सुट्टीतूनच वळते करावेत’ असा सल्ला आहे, तो अजिबात पटला नाही. असं केलं की बाळ सांभाळणाऱ्या ताई सुट्टी वाचवायला पॅरासिटामॉल घेऊन कामावर येतात. गोळीचा अंमल चार-सहा तास. दुपारी पुन्हा कणकण सुरू होते, आणि तोवर बाळाला दोनदा भरवून झालेलं असतं. आजारपणाची पगारी रजा वेगळीच ठेवा, आणि एक-दोन दिवसांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी मागू नका. साध्या सर्दीसाठी दवाखान्यात ताटकळत बसवणं ही शिक्षाच झाली.

परत कधी यायचं, हे तर लेखात नाहीच. गोळी न घेता 24 तास ताप नसावा. उलट्या-जुलाब असतील तर ते थांबल्यावर 48 तास जाऊ द्यावेत. नंतरही हात साबण-पाण्यानेच धुवायचे, कारण पोट बिघडवणाऱ्या काही विषाणूंवर सॅनिटायझर नीट चालत नाही. रजा संपल्यावर पगार कापायचाच असेल तर महिन्याचा पगार 26 ने (फक्त कामाचे दिवस धरून) भागायचा की 30 ने, हे कामावर ठेवतानाच लिहून ठेवा. 26 ने भागलं की एका दिवसाची कपात जास्त होते आणि वाद नेमका तिथेच पेटतो.