बिनदारूचा दारूगोळा

आमच्या गॅरेजमध्ये गाडी मावत नाही, कारण तिथे प्रेस राहतात. प्रेस म्हणजे इस्त्रीचा नव्हे, छापखान्याचाही नव्हे. उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा भरायचा. अमेरिकेत नेमबाजीचा नाद असलेली बरीच मंडळी काडतुसं घरीच भरतात. गोळी सुटताना पितळेची पुंगळी किंचित फुगते. प्रेसचा दांडा खाली ओढला की रॅम, म्हणजे दट्ट्या, वर सरकतो, पुंगळी डायमध्ये, म्हणजे साच्यात, शिरून मापात येते आणि ठिणगी पाडणारी बुडाची टोपी, आता जळकी, टुणकन बाहेर पडते. मग नवी टोपी, तोलून घातलेली दारू, वर गोळी. मला सगळं तोंडपाठ आहे. केलेलं मात्र काहीच नाही.

कारण मी एच-वन-बी व्हिसावर आहे. शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले तर या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही आणि दारूगोळाही नाही. आता गंमत अशी, की इथल्या केंद्रीय कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत रिकामी पुंगळीसुद्धा बसते. प्रेस बसत नाही. तेव्हा शंभर किलो बीड मी उजळ माथ्याने बाळगावं, पण बोटाच्या पेराएवढी पितळी नळी खिशात निघाली तर वकील शोधावा! म्हणून संध्याकाळी ऑफिसचं काम आटोपलं की मी गॅरेजमध्ये जातो, डाय आवळतो, दांडा ओढतो. रिकामा रॅम वर जातो, खाली येतो. मग डाय काढून पुसून ठेवतो.

"पण कशाला?" असं बायको विचारते. यावर मी इतिहासात शिरतो. १८८४ साली जॉन बार्लोने आयडियल कंपनी काढली आणि कनेटिकटमधल्या न्यू हेवनहून काडतुसं भरायची पकडीच्या घाटाची हातातली अवजारं घरोघर पोचवली. दुसऱ्या महायुद्धात गोळ्यांची टंचाई झाली, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओरोविलच्या फ्रेड हंटिंग्टनने वापरलेल्या बारक्या पुंगळ्यांपासून गोळीचं आवरण ठोकायच्या डाय बनवल्या. त्या गोळ्या रॉक चकच्या शिकारीसाठी. रॉक चक हा खारीच्या कुळातला एक गुबगुबीत उपद्रवी प्राणी. त्यावरून नाव पडलं 'रॉक चक बुलेट स्वेज', म्हणजेच आजची आरसीबीएस कंपनी. त्यांचे प्रेस हिरवेगार. भारतीयांसाठी ग्रीन कार्डाची रांग कुठवर गेलीय ते आपण जाणतोच. निदान या बाबतीत तरी हिरवं काहीतरी पोस्टाने घरी येतं.

येतं, पण कसं? इथल्या पोस्टाची एक योजना आहे : ठरावीक मापाच्या खोक्यात मावेल ते एकाच दरात, वजन ७० पौंडांपर्यंत काहीही. योजना आखणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा स्वेटर असावेत. जुने प्रेस विकणाऱ्यांनी तिचा असा काही लाभ उठवलाय, की आमचा पोस्टमन हल्ली बेल वाजवत नाही. खोकं ओट्यावर सोडतो. तेवढ्याने घरभर कळतं. मिनेसोटातल्या हर्टर्स कंपनीचा प्रेस आला त्या दिवशी तर वरच्या मजल्यावरचा मुलगा खाली धावत आला. (हर्टर्सचा जुना कॅटलॉग मिळाला तर सोडू नका. आपला माल सोडून जगातलं बाकी सगळं टाकाऊ, हे इतक्या ठणठणीत आवाजात दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही.)

आई सांगलीहून आली आणि पहिल्याच आठवड्यात गॅरेजमध्ये डोकावली. "अरे, हा दांड्याचा सोऱ्या कुठे मिळाला? चकल्या करताना हात भरून यायचे नाहीत." मी घाईघाईने मध्ये उभा राहिलो. वर्षानुवर्षं शिशाच्या गोळ्या हाताळलेलं यंत्र. मी स्वतः हातमोजे घालतो आणि नंतर कोपरापर्यंत हात धुतो.

"मग चिंच लावून घासून तरी देते. केवढा गंज तो!"

"नको. मूळ रंग गेला की किंमत जाते."

"गंजालाही किंमत?" म्हणून तिने सुनेकडे पाहिलं. दोघींचं इतकं एकमत मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

गेल्या महिन्यात एका आजींच्या तळघरातून आणखी एक प्रेस काढला. बोल्ट जाम, फळी कुजलेली, पण रॅम लोण्यासारखा. पैसे काढतोय तोवर आजींनी कॉफीचा एक डबा पुढे केला. आत काठोकाठ पुंगळ्या. "हे फुकट. आमच्या ह्यांचे आहेत." मी हात मागे घेतले. त्यांना वाटलं, संकोच. त्यांनी डबा गाडीकडे नेऊन खिडकीतून बायकोच्या मांडीवर ठेवू पाहिला. ती एच-फोरवर, म्हणजे माझ्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेल्या बायकोच्या व्हिसावर, तेव्हा तिलाही तोच कायदा. काच इतक्या वेगाने वर जाताना मी कधी पाहिली नव्हती.

"मग तुम्ही उडवता तरी काय?" आजींनी विचारलं.

"काही नाही."

"भरता?"

"तेही नाही."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं आणि न मागता दहा डॉलर कमी केले.