सिंकखालून आलेला आवाज

‘काका, पेशंटला चालंल ही भाजी.’

हे उद्गार परवा माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, मी स्वतः केलेल्या आलू-मेथीबद्दल, एका प्लंबरने काढले. त्याआधी त्याने माझ्याकडून साडेचारशे रुपये घेतले होते. क्रम लक्षात घ्या. शिवाय माझं वय सत्तेचाळीस आणि त्याचं, अगदी कमी धरलं तरी, चाळीस. काका!

बायको दोन दिवस ऑफिसच्या कामाने नागपूरला. मोबाइलवर एक बाई ‘साधी, घरगुती पंजाबी आलू-मेथी, फक्त पंधरा मिनिटांत’ करत होत्या. मला साधी हा शब्द आवडला. पंजाबी म्हटलं की आपल्याकडच्या हॉटेलांत तोच एक लाल रस्सा येतो. पनीर घातलं की एक नाव, मटार घातले की दुसरं. इथे रस्साच नाही. बटाटा, मेथी, जिरं, लसूण, दोन सुक्या मिरच्या, मोहरीचं तेल. संपलं.

पण त्या व्हिडिओत मेथी पहिल्याच दृश्यात निवडून, धुऊन, चिरून काचेच्या वाडग्यात बसलेली असते. तिला तिथे कुणी बसवलं याचा उल्लेख नाही. मी दोन जुड्या आणल्या होत्या. ओल्या गोणपाटाखाली त्या वरून अशा टवटवीत, की जणू आत्ताच शेतातून आल्या. रबरबँड काढल्यावर पोटातून पिवळी पानं, कुठलं तरी गवत आणि मुळांना चिकटलेलं निम्मं शेत बाहेर पडलं. निवडायलाच चाळीस मिनिटं गेली. नखं हिरवी झाली. आई आयुष्यभर दूरदर्शनवरच्या मालिका बघत मेथी निवडायची. तिला त्याला किती वेळ लागतो हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी विचारायचो ते एवढंच, की आज परत मेथी का?

असो. तीन पाण्यांनी धुतली. चौथ्या पाण्याला सिंक तुंबलं.

प्लंबर तासाभरात आला हेच आश्चर्य. पिशवी ठेवली, सिंकखालचं कपाट रिकामं केलं आणि कमरेपर्यंत आत गेला. बाहेर उरले दोन पाय, एका मोज्याला भोक. आता यात मी काय करणार? बटाटे चिरून काळे पडायला लागले होते. मी कढई ठेवली.

‘कोन्तं तेल?’ पाय म्हणाले. म्हणजे आवाज कपाटातून आला, पण मला दिसत होते ते पायच.

‘मोहरीचं.’

‘धूर निघू द्या. नाही तर कच्चं लागतंय.’

धूर निघाला. घरभर, सर्दीत छातीला चोळायच्या तेलाचा वास. मी खोकत विचारलं, तुम्हाला कसं माहीत? तर गडी नांदेडचा. घर गुरुद्वाऱ्याच्या जवळ, लहानपण लंगरात जेवून गेलेलं, पुढे तिथेच भाज्या चिरायची सेवा केलेली. यावर मला बोलता येईना. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये नांदेडला देह ठेवला. त्याच्या कितीतरी आधी आपले नामदेव महाराज पंजाबात घुमानला जाऊन राहिले. एवढी शतकं चाललेल्या या येण्याजाण्यातून माझ्या वाट्याला काय आलं, तर सिंकखालून सूचना.

‘बटाटे बारीक चिरलाव का?’

‘हो.’

‘आवाज तर मोठ्या फोडीचा येतोय.’

फोडी मोठ्या होत्या. मी काही बोललो नाही. कडा लाल झाल्यावर हळद, तिखट, मीठ टाकलं आणि वरून मेथी. डोंगराएवढी मेथी, दोन मिनिटांत मूठभर. चाळीस मिनिटांची ती मूठभर! मी वैतागून झाकण ठेवलं.

‘झाकण ठेवलाव ना?’

‘नाही.’

‘आवाज बदलला की हो.’

मला वाटतं इथे कुणीही विषय बदलला असता. मी म्हटलं, तुम्हाला माहितीय का, कसुरी मेथी हे नाव कसूर या गावावरून आलंय, लाहोरच्या खाली आहे ते, आता पाकिस्तानात.

‘असंल. झाकण काढा.’

मी काढलं नाही. घर माझं, कढई माझी. व्हिडिओतल्या बाईंनी ठेवलं होतं की नाही हे आठवत नव्हतं, पण आता प्रश्न त्याचा नव्हता.

पाच मिनिटांनी तो बाहेर आला. हातात पाइपातून काढलेला गोळा होता. माती, मुळं, देठ आणि एक निळा रबरबँड. ‘हे बघा, निम्मी भाजी हितंच हाय,’ म्हणत त्याने तो ओट्यावर ठेवला. मग झाकण उचललं. परवानगी न विचारता. आत पाणी सुटलेलं, मेथी शेवाळ्यासारखी काळपट, बटाटे तिला टेकून बसलेले. त्याने कढईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दारात कुणाच्या तरी आजारपणाची बातमी ऐकावी तसा मान हलवत राहिला.

पैसे दिल्यावर मी म्हटलं, चव तरी बघा. उगीच म्हटलं. पोळ्या केल्या नव्हत्या म्हणून ब्रेडच्या दोन स्लाइस दिल्या. त्याने त्या संपवल्या, भाजी पुसून खाल्ली, हात धुतले आणि ते पेशंटवालं वाक्य बोलला. वाईट हेतूने नाही, हेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली उतरलो. वॉचमन खुर्चीतून उठला, जवळ आला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, ‘काका, झाकण ठेवलं होतं म्हणे?’